खांबांचा बंगला

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मोहगाव रस्त्यावरच्या खांबांच्या बंगल्यात झालं. इंग्रजांच्या काळात कापसाच्या कोण्या व्यापाऱ्याने बांधलेला तो बंगला आता लग्नकार्यांना भाड्याने देतात. समोर चार उंच गोल खांब, बुडाशी जाड, वर निमुळते. त्यांच्यावर भलंमोठं त्रिकोणी कपाळ. दोन्ही अंगांना सारख्याच खिडक्या. डावीकडची शेवटची तर खोटीच, मागे नुसती भिंत. जोडी जुळावी म्हणून काढलेली. बसमधून सौंसरला जाताना मी नेहमी मान वळवून तो बंगला बघायचे.

लग्नाच्या सकाळी पांढुर्ण्याहून वऱ्हाड आलं. उन्हामुळे त्यांच्या बाया खांबांच्या सावलीतच बसल्या, मधोमध नवरदेवाची आई. मी मठ्ठ्याचे ग्लास घेऊन वाकले, तर ट्रेमध्ये पांढरी भुकटी पडली. वर पाहिलं. समोरच्या मांडवाचा मुख्य दोर मधल्या दोनांपैकी एका खांबाला वरच बांधलेला. वाऱ्याने कापड फुगलं की दोर ताणायचा आणि खांबाच्या गळ्याशी, कोरीव पानांखाली, एक भेग उघडायची. वारा ओसरला की मिटायची. आत लाल विटा दिसत होत्या. दगड कुठेच नव्हता, वरचा सगळा चुन्याचा गिलावा.

मी ट्रे ठेवला आणि मंडपवाल्याला गाठलं. बाबाही तिथेच होते.

"तो दोर सोडा."

"ताई, तो सोडला तं अख्खा मांडव खाली येईन. खाली मानसं बसून राहिले."

बाबांनी खांबाकडे एकदाच पाहिलं. "मी मांडव रिकामा करतो. तू बायांले उठव. पन बोभाटा नको करू, पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होईन."

मी परत नवरदेवाच्या आईपाशी आले. "मावशी, आत चला जी. पंखे लावले."

"आमी इथंच बऱ्या."

"उठा न जी."

नवरदेवाच्या आईचा चेहरा बदलला. "काऊन? आमाले उठवून कोनाले बसवून राहिली?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. पुन्हा वारा आला, डोक्यावर दोर करकरला. मी खाली बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "वर पाहू नका. खांबाले भेग पडून राहिली."

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. क्षणभर वाटलं, ओरडणार. पण त्या पदर सावरत उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "चला वं बायांनो, आपली नवरी पाहू. कवापासून बसलो नुसत्या!"

हसत, कुरकुरत सगळ्या आत गेल्या. त्या स्वतः मात्र शेवटची म्हातारी आत जाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना हात धरून ओढलं तेव्हा आल्या.

बाबांनी खूण केली. मंडपवाल्याने दोर कापला. मांडव फडफडत रिकाम्या खुर्च्यांवर बसला, आणि त्या झटक्याने खांबाची पानं सुटून ओसरीत आदळली. आम्ही वर पाहत राहिलो. वरचं कपाळ हललं नाही.

लग्न मागच्या अंगणात, चिंचेखाली लागलं. मुहूर्त थोडा टळला. त्यावर वरपक्षाकडून कोणी शब्द काढला नाही.

दुपारी मी पुढे गेले तर नवरदेवाच्या आई लांबूनच त्या खांबाकडे पाहत उभ्या होत्या.

"एवढा डौल," त्या म्हणाल्या, "अन् आतून आपल्या घरासारखाच हाय वं. विटांचा."

मी त्यांचा हात हातात घेतला, आणि आम्ही पंगतीकडे वळलो.