मामांचे एकोणीस नारळ

“त्या काकांच्या सॅकमधून पाणी हलल्यासारखा आवाज येतोय.”

माझ्या मागून चालणारी पुण्याची एक मुलगी तिच्या मैत्रिणीला हळूच म्हणाली. मी ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. आवाज पाण्याचाच होता. आमच्या व्हॅनवाल्या मामांच्या पाठीवर एकोणीस नारळ होते, शेंडीसकट, आणि आम्ही हिमालयात दहा हजार फुटांवर होतो.

मामा मुळात चालत नसत. आसगावजवळच्या आमच्या गावात त्यांच्या घरापासून पानठेला वीस पावलांवर होता. मामा शाळेची व्हॅन काढायचे, ठेल्यासमोर उभी करायचे, काचेतून तंबाखूचा खर्रा घ्यायचे आणि पुढे देवळाला वळसा घालून परत यायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, “देवानं पाय क्लच दाबाले दिले. चालाचं असतं तं चार दिले असते.”

दहा वर्षं त्यांनी मला पवनीच्या इंग्रजी शाळेत नेलं-आणलं. मी पुढच्या सीटवर बसायचे आणि बोलायचे नाही. मामांना त्याची अडचण वाटली नाही. दोन्ही बाजूंचं तेच बोलायचे. “काय बाई, पेपर कसा गेला?” मग माझा बारीक आवाज काढून, “बरा गेला मामा.” “गणित सुटलं का पुरं?” “एक राहिलं मामा.” बहुतेक वेळा खरंच एक राहिलेलं असायचं. एकदा त्यांनी माझ्या आवाजात सांगितलं की मला बरं वाटत नाही, आणि अर्ध्या रस्त्यातून मला घरी आणून सोडलं. संध्याकाळी मला ताप आला.

मी कॉलेजात असताना, रोवणीच्या दिवसांत, मामांच्या शेजारच्या शेवंताकाकूंना धान लावताना बांधीत साप चावला. मामांनी त्यांना शाळेच्या व्हॅनमधून भंडाऱ्याला न्यायला घेतलं. व्हॅनच्या सीटा मुलांसाठी होत्या. मोठं माणूस त्यांच्यावर आडवं होत नाही. काकूंनी बसल्या बसल्याच जीव सोडला, कारध्याच्या पुलाच्या थोडं अलीकडे. त्यानंतर बरेच दिवस मामा व्हॅनमध्ये मुलांशी बोलले नाहीत. मुलांच्या बाजूनंही बोलले नाहीत.

पुढे मला नागपुरात नोकरी लागली. एक दिवस मामा माझ्या खोलीखाली आले आणि हॉर्न वाजवत राहिले. खाली गेले तर त्यांच्या हातात एक कागद. नागपूरची एक संस्था हिमालयात लोक नेत होती. जो जाईल त्यानं आपल्या ओळखीच्या लोकांकडून देणगी गोळा करायची, आणि ती सगळी आपल्या भागातल्या एका चांगल्या कामाला जायची. “आपल्या पाच गावाइले एक गाडी पाहिजे,” मामा म्हणाले. “ज्याच्यात माणूस आडवा होते अशी. तू फारम भर, इंग्रजीत हाय.” मी भरला. सोबत्याचं नाव विचारलं होतं तिथे आल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. मामा म्हणाले, “चालते का बाई?” आणि लगेच बारीक आवाजात, “चालते मामा.”

आई एवढंच म्हणाली, “मामा हाय ना संग, मंग काय.”

सरावाचं पत्रक आलं. रोज तासभर चढ चढायचा. आमच्याकडे चढ म्हणजे तलावाची पाळ, बाकी सगळी जमीन धानासाठी सपाट. मामा रोज सकाळी पाळीवर व्हॅन चढवायचे आणि उतरवायचे. तलावात जाळं टाकणारे ढीवर खालून ओरडायचे, “काहून मामा, गाडी जाऊन राहिली का हिमालयात?” मामा वरून सांगायचे, “पयले तिले सवय होऊ दे, मंग मी पाहतो.”

देणगीचं मात्र अडलं. कोणीतरी डोंगर चढतो म्हणून आपण पैसे द्यायचे, हे गावाला पटेना. चालण्याचे काय पैसे? मग एका म्हातारीनं निकाल दिला, “मामासारखा माणूस पायी जाऊन राहिला, म्हणजे नवस असन.” नवस म्हटल्यावर सगळं सोपं झालं. एकोणीस घरांनी देणगी कबूल केली आणि प्रत्येकानं एक नारळ दिला. तो वर नेऊन, ज्याचा असेल त्याचं नाव मोठ्यानं घेऊन फोडायचा आणि फोनमध्ये टिपून परत आल्यावर दाखवायचा. नवस आधी फेडत नाहीत, त्यामुळे देणगी नारळ फुटल्यानंतर. नारळ वर पोचले नाहीत तर गाडी नाही, इतका साधा हिशेब होता.

मामांनी कपड्यांची पिशवी खेचरावर दिली, नारळ दिले नाहीत. “खेचरानं नेले तं पुन्य खेचराले जाईन.”

ते चाललेही गाडीसारखेच. चढ लागला की “फस्ट” म्हणायचे आणि इतके हळू व्हायचे की मागे रांग लागायची. आंधळ्या वळणावर तोंडानं हॉर्न द्यायचे. तिसऱ्या दिवशी वरून उतरणारे काही परदेशी लोक तो हॉर्न ऐकून कडेला उभे राहिले, तेव्हा मामांनी हात वर करून त्यांना साइड दिल्याबद्दल मान दिला. पुण्याच्या मुली हसत होत्या. मीही हसले, पण रुमालाआड.

शेवटच्या तळावर संध्याकाळी सोबतच्या डॉक्टरांनी सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. मामांच्या बोटाला दोनदा लावलं, मग दुसऱ्या बोटाला. त्यांचे ओठ मला दुपारपासूनच निळसर वाटत होते आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लगेच खाली उतरवा. मामा वाद न घालता खेचरावर बसले. बसताना त्यांचा उजवा पाय सवयीनं ब्रेक शोधत होता. सॅक त्यांनी माझ्या पायाशी ठेवली आणि पहिल्यांदाच मला काहीतरी विचारून माझ्या बाजूचं उत्तर न देता थांबले.

“नेशीन का बाई?”

मी मान हलवली. ते थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग खेचरवाला निघाला.

आज ती गाडी आमच्याकडे आहे. गाव तिला नारळगाडी म्हणतं. आली त्या दिवशी मामा आत शिरले, स्ट्रेचरवर पूर्ण लांब झाले, पाय ताणून पाहिले आणि म्हणाले, “पुरते.” गेल्या दिवाळीनंतर छातीत दुखायला लागलं तेव्हा त्याच गाडीतून ते भंडाऱ्याला गेले. रस्ताभर पडल्या पडल्या ड्रायव्हरला गिअर सांगत होते. दवाखान्यात वेळेवर पोचले, आणखी आठ दिवस जगले, सगळ्यांना भेटले आणि मग गेले. मी भेटायला गेले तेव्हा दोन्ही बाजूंचं बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. मग मीच माझ्या बाजूचं बोलले.

पण ते मला पहिल्यांदा जमलं त्या तळावरच्या संध्याकाळी, मामांचं खेचर वळणाआड गेल्यावर. जेवणाच्या तंबूत आमचा म्होरक्या दुसऱ्या दिवसाच्या सूचना देत होता. वर फक्त पाणी, खाऊ आणि रेनकोट. नारळ इथेच राहतील, एवढं वजन कोण नेणार, आणि वर कचरा कशाला. तो चांगला माणूस होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. तंबूत सतरा अनोळखी माणसं सूप पीत होती. मी उभी राहिले. इंग्रजीत वाक्य जुळवलं, ते आलं नाही. हिंदीत जुळवलं, तेही नाही. मग जे आलं ते घरचं आलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठ्यानं.

“एकोणीस नारळ हायत जी. माह्यानं दोन नेनं होते. बाकीचे तुमी एकएक घ्या. नारळाच्या करोट्या आपन खाली वापस आनू. पन फोडताना नाव जोरानं घ्या लागते, मनातल्या मनात नाही चालत.”