बिनबाशिंगाच्या गाई

माझी नणंद बुर्गल गाईंशी जेवढं बोलायची त्याच्या निम्मंही माणसांशी बोलायची नाही. गाईंशी बोलताना तिचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. आमच्या वाट्याला तो आवाज कधी आला नाही. घराच्या मागच्या खोलीत ती सगळा हिवाळा काढायची, घंटांचे पट्टे शिवायची आणि माझ्या सूपमध्ये खोट काढायची. जून उजाडला की सहा घरांच्या गाई घेऊन वरच्या कुरणावर जायची, ती थेट सप्टेंबरात उतरायची. हे चार महिने आम्हा दोघींनाही मानवायचे.

आमच्याकडे शेत एकाच मुलाला मिळतं. ते माझ्या नवऱ्याला, फिगिलला मिळालं. बुर्गलला तरुणपणी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका सुताराने मागणी घातली होती. माणूस चांगला होता, पण त्याची अट एकच: उन्हाळ्यात खाली राहायचं. "मग गाई कोण बघणार, तू?" असं विचारून तिने तो विषय संपवला. तो पुन्हा आला नाही आणि तिने त्याचं नावही काढलं नाही.

डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी चार खोल्या ठेवल्या आहेत. हे पाहुणे बुर्गलच्या डोक्यात जायचे. "शांतता हवी म्हणून येतात आणि चढताना तोंडाचा पट्टा सुरू," असं ती म्हणायची. एकदा एका गृहस्थाने तिला विचारलं, रात्री गाईंच्या घंटा काढता येतील का, झोप लागत नाही. बुर्गल म्हणाली, "तू शहरात जा रे बाबा. तिथे नुसत्या मोटारी आहेत, छान झोप लागेल." तिला अहोजाहो माहीतच नव्हतं. वर कुरणावर पाद्रीबाबाही तिच्यासाठी 'अरे' होते.

ओन्नो टामेनही पहिल्यांदा आला तो असाच, गळ्यात दुर्बीण आणि हातात नकाशा घेऊन. उत्तरेच्या समुद्राकाठचा माणूस, तिकडे सगळा मुलूख ताटासारखा सपाट. आमची सगळी शिखरं एका उन्हाळ्यात करायची असा त्याचा बेत होता. दुसऱ्याच दिवशी धुक्यात वाट चुकून तो बुर्गलच्या कुरणावरच्या झोपडीच्या दारात पोचला. तिने त्याला वाडगाभर ताक दिलं आणि ताक संपायच्या आत हातात हातोडा दिला. कुंपण पडलं होतं. ओन्नोने आधी स्वतःचा अंगठा ठोकला, मग खिळा.

पुढच्या वर्षी तो आला आणि नकाशा न उघडता सरळ कुंपणावर गेला. मग दरवर्षी तेच, जुलैत एकदा आणि सप्टेंबरात पुन्हा, गाई उतरतात तेव्हा. शिखरं राहिली ती राहिलीच. बुर्गल त्याला दिवसभर बोलायची. "हे कुंपण आहे की तुझ्या समुद्राची लाट?" तो हसायचा आणि खांब पुन्हा गाडायचा. गावात कुजबुज व्हायची तशी झाली. मी एकदा तोंडावरच विचारलं, तर म्हणाली, "अजून खिळा सरळ ठोकता येत नाही त्याला. असल्या नवऱ्याचं काय लोणचं घालू?"

बायको होती त्याला, थेडा. सुरुवातीला एकदा त्याच्याबरोबर आली होती. डोंगर छातीवर बसल्यासारखे वाटतात म्हणाली आणि दोन दिवसांत रडत परत गेली. त्यानंतर तो एकटाच यायचा. माझ्या स्वयंपाकघरातून तिला फोन करायचा आणि प्रत्येक सप्टेंबरात तेच सांगायचा, "थेडा, एकदा ये गं. गाईंची बाशिंगं तरी बघ."

एका जुलैत जेवण झाल्यावर ओन्नो बुर्गलच्या झोपडीपुढच्या बाकावर बूट काढून बसला होता. ती आत भांडी घासत होती आणि खिडकीतून त्याला कुंपणावरून बोलत होती. तो उत्तर देईना म्हणून बाहेर आली. मान भिंतीला टेकून तो गेलेला होता. चेहरा शांत होता, असं ती म्हणाली. एवढंच म्हणाली. त्याला उत्तरेला नेलं आणि तिथेच मूठमाती दिली.

ऑगस्टमध्ये थेडाचा फोन आला. "मी सप्टेंबरात येते. तो इतकी वर्षं म्हणत होता, ती बाशिंगं मला एकदा बघायची आहेत." मी लगेच तिच्यासाठी खोली राखून ठेवली.

आणि इथेच घोळ झाला. आमच्याकडे उन्हाळा सुखरूप पार पडला तरच गाई सजवून उतरवतात. कपाळावर डहाळ्यांची आणि कागदी फुलांची बाशिंगं, गळ्यात मोठ्या घंटा. वर एखादी गाय दगावली किंवा घरातलं कुणी गेलं, तर गाई तशाच उतरतात. फुलं नाहीत, घंटांमध्ये वाळकं गवत कोंबलेलं. बुर्गलने वरून निरोप पाठवला की यंदा बाशिंगं करू नका.

गाव पेटलंच. खालच्या मोठ्या हॉटेलचा कासियान, त्याच्याही गाई बुर्गलकडे होत्या, आमच्या अंगणात येऊन ओरडला, "एकही गाय मेलेली नाही! माणूस मेला तो पाहुणा. उद्या माझ्या हॉटेलात कुणाला ठसका लागला तर काय गावाने सुतक धरायचं?"

कासियानचं मला कधी पटत नाही, पण त्या दिवशी पटलं. कारण वेगळं होतं. ती बिचारी म्हातारी नवऱ्याची एकच इच्छा धरून एवढ्या लांबून येणार, आणि हिने तिला उघडीबोडकी जनावरं दाखवायची? मी शेजारणींना जमवलं, आम्ही बाशिंगं बांधली आणि टोपली पाठीवर घेऊन मी वर गेले.

बुर्गल धार काढत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"टोपली परत ने, मोईडल."

"अगं, थेडा येतेय. त्याची बायको! खास बाशिंगं बघायला येतेय."

"येऊ दे."

"त्याला फुलं आवडायची, बुर्गल."

"मला माहीत आहे त्याला काय आवडायचं." तिने बादली सरकवली. "फुलं लावली तर त्याचा अर्थ काय होतो? यंदा कुणी गेलं नाही, असा. तू सांग मला, कुणी गेलं नाही?"

"गेला गं. पण तो घरातला होता का? कासियान विचारतो..."

"कासियानच्या घरातले लोक कुंपणाला हात लावतात?" आता ती वळली. तिचे डोळे लाल होते. मी तिला त्याआधी कधी रडलेलं पाहिलं नव्हतं, सासऱ्यांच्या मयतीलासुद्धा नाही. "तो घरातला नव्हता तर कोण होता गं माझ्याकडे इतकी वर्षं? सांग ना!"

मला जास्तच राग आला. "म्हातारीने विचारलं तर तूच सांग मग," असं म्हणून मी पाय आपटत खाली आले.

थेडा आली. लहानखुरी, काठी टेकत चालणारी. गाई उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना म्हणाली, "ओन्नो सांगायचा, घंटा चर्चपासून ऐकू येतात." मी तिला बटाटे वाढत राहिले. बाशिंगं नसणार हे काही सांगितलं नाही. मनात एक आशा होती, की शेवटच्या क्षणी तरी ही हट्टी बाई विरघळेल.

विरघळते कसली! दुसऱ्या दिवशी वळणावर कळप दिसला तो मुका. नुसते खुरांचे आवाज. पुढे बुर्गल, काळ्या टोपीत. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असलेल्या पाहुण्यांनी फोटोसाठी वर केलेले हात खाली घेतले. "एवढंच?" कुणीतरी म्हणालं. कासियान दात खात उभा होता.

थेडा माझ्याकडे वळली. "यांना माहीत होतं ना मी येणार आहे? की मी आले म्हणूनच...?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुर्गलने हे पाहिलं आणि हात वर केला. सगळा कळप रस्त्यात थांबला. ती थेडासमोर आली.

"तू थेडा."

"हो. फुलं का नाहीत?"

"आमच्यात घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी फुलं लावत नाहीत."

थेडाचा आवाज लगेच मवाळ झाला. "अगं बाई, मला कुणी सांगितलं नाही. तुमच्या घरातलं कोण गेलं?"

"ओन्नो," बुर्गल म्हणाली.

कासियानने टोपी काढली. मी माझा रुमाल शोधत होते आणि तो सापडत नव्हता. थेडा त्या गाईंकडे बघत राहिली, एकेका उघड्या कपाळाकडे.

"मी त्याला दरवर्षी टोमणा मारायचे," ती शेवटी म्हणाली. "म्हणायचे, जा, जा तुझ्या डोंगरात. तिथे तुला कोण विचारतंय!"

बुर्गलने आपली गुराख्याची काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात तिच्यापुढे केला. "चल. घरच्या माणसांनी असं कडेला उभं राहायचं नसतं. कळपाबरोबर चालायचं."

"माझा गुडघा दुखतो. मी फार हळू चालते."

"चालेल," बुर्गल म्हणाली, आणि तो तिचा गाईंशी बोलायचा आवाज होता. "आम्हाला कुठे घाई आहे?"