मी न दिलेला हुंकारा

पृथ्वीवर जेवढे देश आहेत तेवढ्या सगळ्यांची काळजी एकट्याने वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दिल्लीत या कामाला मोठमोठी खाती असतात म्हणे, गाड्या असतात, शिपाई असतात. आमच्या साडूकडे एक सायकल होती आणि सिल्वासात किलवणी रस्त्यावरच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. दिवसा तो जवळच्या सायली गावातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात मुंबई विद्यापीठाचं बाहेरून एम.ए. करायचा. विषय राज्यशास्त्र, आणि त्यातही आंतरराष्ट्रीय संबंध. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी सोयरिकीचं असेल. तसं म्हणालोही. साडू हसला नाही. म्हणाला, "सोयरिकीचंच आहे साडूभाऊ. फक्त मध्यस्थ फार आणि वऱ्हाडी भांडखोर."

आम्ही दोघे साक्रीकडचे. दोन सख्ख्या बहिणी आम्ही केलेल्या. माझी थोरली, त्याची धाकटी. मी आधी सिल्वासात येऊन सूत कारखान्यात लागलो, मग त्याला बोलावून घेतलं आणि शेजारचीच खोली मिळवून दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणाले की मी त्याचं वाईट चिंतलं. मी चौथी पास आहे. पास म्हणजे पास, कुणी ढकललेला नाही. माणसाचं चिंतायचं काय आणि काय नाही, एवढं मला चौथीपर्यंत कळलं होतं.

सिल्वासा हे गाव त्याला त्याच्या विषयासाठीच वसवलंय असं वाटायचं. पोर्तुगीज गेल्यावर काही वर्षं हा मुलूख धड कुठल्याच देशात नव्हता, आणि याच दादऱ्यावरून तिकडे हेगच्या कोर्टात खटला चालला होता, हे तो पानवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत असे. पानवाला म्हणे, "हो का? चुना जास्त घालू?" वापीहून बसने घरी येताना आधी दादरा लागतो, मग मध्येच गुजरातचा एक तुकडा, मग आपली नगर हवेली. साडू प्रत्येक हद्दीला मान किंचित वाकवायचा, देवळावरून जाताना वाकवतात तशी. एकदा त्या मधल्या तुकड्यात दारूच्या तपासणीला हवालदार बसमध्ये चढला. साडूची पिशवी फुगलेली. हवालदार म्हणाला, "थेली खोलो ने, भाई. सुं छे अंदर?" साडू उभा राहिला आणि एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाताना वाटेतल्या मुलखातून जाण्याचा हक्क काय असतो, यावर बोलू लागला. हवालदाराने शांतपणे ऐकलं, मग त्याला पिशवीसकट खाली उतरवलं. पिशवीत सात जाड पुस्तकं निघाली. एवढं बोलणारा माणूस नुसती पुस्तकं नेतो यावर हवालदाराचा विश्वास बसेना. त्याने एकेक पुस्तक उलटं धरून झटकलं. बस गेली. साडू चालत आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "मुद्दा त्याला पटला होता. पण वरून आदेश नव्हता."

आता माझ्या कामाचं सांगतो. आमच्या खानदेशात गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा द्यावा लागतो. समोर बसलेल्याने वाक्यावाक्याला "हं" म्हणायचं. हुंकारा थांबला की सांगणाऱ्याने ओळखायचं, ऐकणाऱ्याला काही समजलं नाही; मागे जायचं, तेच पुन्हा सोपं करून सांगायचं. माझी पहिली पाळी तीनला सुटायची, साडू पाचला यायचा. मग ओट्यावर बाज टाकून तो आपली उत्तरं वाचायचा आणि मी हुंकारा द्यायचो. त्याचा हिशेब असा, की चौथीवाल्याला समजलं तर परीक्षकाला समजेलच. मी खोटा हुंकारा कधी दिला नाही. 'सत्तेचा समतोल' म्हणून एक प्रकार होता, तिथे मी तीन दिवस गप्प बसलो. चौथ्या दिवशी त्याने आमच्या चाळीच्या नळावरच्या बायकांचं उदाहरण घातलं, आणि मी असा हुंकारा दिला की आतून बायको म्हणाली, "काय व्हयनं?" ते उदाहरण, नळ वगळून, त्याने पेपरात लिहिलं आणि त्या विषयात पास झाला. असे एकेक करत त्याचे सगळे पेपर सुटले. एक राहिला, महासत्तांचा. त्यात तो दोनदा नापास झाला.

आणि मग रशिया फुटला. दोन महासत्तांवर साडूच्या तीन वह्या भरलेल्या, त्यातली एक महासत्ताच गेली. त्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. सुपरवायझर उत्तर प्रदेशचा, भला माणूस. त्याने विचारलं, "घर में कुछ हो गया क्या?"

"घर में नहीं. रशिया में."

"अरे, रशिया में तुम्हारा कौन है?"

"आधा पेपर," साडू म्हणाला, आणि सायकल हातात धरून चालत घरी आला. टांग मारायचं त्राण नव्हतं म्हणे.

मुंबईहून पत्र आलं की या वर्षी पेपर जुन्याच अभ्यासक्रमावर निघेल. पुढच्या वर्षापासून सगळं नवं. म्हणजे तीन वह्या कामी यायच्या तर याच एप्रिलात. शिवाय कोकणातले एक हेडमास्तर सिल्वासात होते, त्यांनी शब्द दिला होता की एम.ए. झालात की अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायला तुम्हालाच घेऊ. साडूने सदरा शिवून ठेवला होता. कारखान्यात स्टोअरच्या गोण्यांसमोर उभा राहून तो "विद्यार्थी मित्रहो" म्हणतो, असं लोडिंगची माणसं सांगत.

याच वेळी, फाल्गुनात, आमच्या मेहुण्याचं लग्न निघालं. मांडवात जावयांना टोपी-टॉवेल देतात. पहिला मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. यात विचारायचं काही नसतं. मी टोपी काढून डोकं मोकळं करून बसलो होतो. तेवढ्यात चुलत सासरे उठले आणि म्हणाले, "आधी एम.ए.वाले जावई!" साडू त्या वेळी शेजारच्या ग्रामसेवकाला सांगत होता, की राजदूतांनी कुणी कुणाच्या आधी बसायचं यावरून पूर्वी केवढी भांडणं व्हायची आणि मग व्हिएन्नाला सगळ्यांनी बसून तो क्रम कसा ठरवला. बोलता बोलता त्याने मान पुढे केली आणि माझी टोपी त्याच्या डोक्यावर गेली. त्याला कळलंही नाही. साऱ्या जगाचा मानाचा क्रम ज्याला पाठ, त्याला दोन साडूंमधला कळू नये? मी उठलो. खापरावरची पुरणपोळी वाढलेली होती, तिला हात न लावता उठलो. मांडवात दोनशे माणसं होती, आणि दोनशेच्या दोनशे माझ्या मोकळ्या डोक्याकडे बघत होती असं मला वाटलं.

सिल्वासात परतल्यावर बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी साडूने ती टोपी घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, धाकटीच्या हातून माझ्याकडे पाठवली. मी परत पाठवली. उतरलेली टोपी मी घालीन? त्याने पुन्हा पाठवली, सोबत निरोप, की ही चूक अनवधानाने झाली असून आपला दर्जा अबाधित आहे. मी पुन्हा परत पाठवली. आठ दिवसांत ती टोपी चार वेळा गेली आणि चार वेळा आली. माझी बायको एकदा म्हणाली, "तुमले टोपी जास्त का साडू?" दोघी बहिणींच्या भाजीच्या वाट्या मात्र इकडून तिकडे चालू होत्या. साडू पलीकडून मोठ्याने म्हणे, "व्यापार सुरू आहे, म्हणजे संबंध तुटलेले नाहीत." आमच्या दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती. सगळं ऐकू यायचं.

परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा, मी पाळीहून येऊन पडलो होतो, पाचच्या सुमाराला पलीकडे बाज सरकल्याचा आवाज आला. अगदी भिंतीला लागून. मग साडूचा आवाज. "प्रश्न पहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात दोन सत्ता उरल्या." आणि तो थांबला.

मला कळलं तो कशासाठी थांबलाय. ते वाक्य मला चांगलं समजलं होतं. पुढचं काय येणार तेही माहीत होतं. पण मी तोंड मिटून पत्र्याकडे बघत राहिलो. माझा राग त्याला समजावा, एवढंच मला हवं होतं. थोड्या वेळाने त्याने तेच वाक्य पुन्हा वाचलं, थोडं सोपं करून. पुन्हा थांबला. मग तिसऱ्यांदा, अजून सोपं. "लढाई संपली. दोनच दांडगे उरले." एका पोराला समजावं इतकं सोपं. बायको दारात येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मी कूस बदलली. चारही दिवस तो पाचला भिंतीपाशी बसला आणि चारही दिवस पहिल्या प्रश्नाच्या पुढे गेला नाही.

परीक्षा देऊन आला तेव्हा त्याने धाकटीला सांगितलेलं मी माझ्या खोलीतून ऐकलं. "पाच प्रश्न होते. पहिल्यातच तीन तास गेले. लिहायचो आणि वाटायचं, अजून समजलं नसेल. मग खोडून सोपं करायचो."

आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. मी उठून भिंतीपर्यंत गेलो. भिंतीला हातही लावला. मग परत येऊन बसलो. असा मी आहे. निकाल लागला, हेडमास्तरांनी दुसऱ्या कुणाला घेतलं, आणि तो सदरा साडूने कारखान्यात घालून घालून फाडला. पुढे आम्ही बोलायला लागलो. पाणी आलं का, बस गेली का, इतपत. ओट्यावर बाज पुन्हा पडली नाही. तीनेक वर्षांनी त्याचा कारखाना बंद झाला आणि तो साक्रीला निघून गेला. जाताना बस वापीकडे वळली, तेव्हा त्याने हद्दीला मान वाकवली की नाही, ते मी बघायला गेलो नव्हतो.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी निरोप आला, साडूची छाती बिघडली आहे, येऊन जा. गेलो. खाटेवर बसलेला, वाळून गेलेला. धाकटी म्हणाली, "कुणाशी बोलत नाहीत." मी खाटेजवळ बसलो. मग म्हणालो, "साडू, ती वही काढा. महासत्तांची."

"त्यातला एक देश आता नकाशात नाही साडूभाऊ."

"नसू दे. वाचा."

त्याने वही काढली, चष्मा लावला आणि सुरू केलं. दर वाक्याला मी हुंकारा देत होतो, चांगला मोठ्याने, धाकटीला आत ऐकू जाईल असा. दुसऱ्या पानावर तो थांबला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे तुम्हाला समजलेलं नाही. इथे तुम्ही नेहमी गप्प बसायचे."

मी वहीवर वाकलो.

"खोटा हुंकारा देऊ नका," तो म्हणाला. मग वहीवर बोट तसंच ठेवून हळूच विचारलं, "आणि त्या वेळी? भिंतीपलीकडे?"

"तेव्हा सगळं समजलं होतं," मी म्हणालो. "पहिल्या वाक्यापासून."

त्याने चष्मा काढला. मला वाटलं, आता टाकून बोलेल, बोलावं असंच मला वाटत होतं. पण त्याच्या तोंडावर, पेपर सुटल्यावर यायचं तसलं हसू आलं.

"म्हणजे बरं लिहिलं होतं मी," साडू म्हणाला.

"हं," मी म्हणालो.

ती टोपी पाचव्यांदा आली ती शेवटी माझ्याकडेच राहिली. पेटीत आहे, त्याच वर्तमानपत्रात. दोन-तीनदा काढून बघितली. डोक्यावर ठेवली नाही.