आईच्या वालाची परीक्षा

आईच्या माहेरचा वाल आम्ही खाल्ला. मी, वडील आणि आत्या अशा तिघांनी एका जेवणात संपवला, आणि मी तर दोनदा वाढून घेतला.

हे मी अभिमानानं सांगत नाही. पण घडलं ते असं.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला. वडील मळ्यात भाजी पिकवून बाजारात नेत, ती वेगळी; घरामागच्या कुंपणावर चढणारा वाल मात्र आईचा. लग्न होऊन सायखेड्याहून निघताना तिच्या आईनं पदरात मूठभर बी बांधून दिलं होतं. तेव्हापासून दरवर्षी वेलावरच्या सगळ्यात चांगल्या शेंगांना आई लाल चिंधी बांधायची. चिंधी बांधलेल्या शेंगेला कोणी हात लावायचा नाही. ती वेलावरच वाळायची, मग बी राखेत घोळून पत्र्याच्या डब्यात. आषाढात त्यातलं चिमूट-चिमूट आळीतल्या बायकांना वाटायचं आणि उरलेलं आपण लावायचं, हा नेम.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी बी.एस्सी.ला गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे सर वर्गात जे बोलतात ते माझ्यासाठीच बोलतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. (वर्गात साठ मुलं होती!) तर एक दिवस सर म्हणाले, "बी पेरण्याआधी त्याची उगवणशक्ती तपासावी. शंभर बिया ओल्या फडक्यात ठेवा, किती मोड आले ते मोजा. खात्रीसाठी असं चार वेळा करा."

बाकीच्यांनी ते लिहून घेतलं. मी ते केलं.

आई तेव्हा मामांच्या नातवाच्या बारशाला सायखेड्याला गेली होती. मी डबा काढला आणि बिया मोजल्या. चारशे सतरा! शंभर चोक चारशे. सरांनी जणू आमचा डबा पाहूनच सांगितलं होतं. उरल्या सतरा. आता सतरा बियांसाठी एवढा डबा अडवणं मला बरं दिसेना, म्हणून त्याही भिजत घातल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोजलं, तर चारशे तीन बियांना सुरेख मोड! मी वहीत नोंद केली, बिया पुन्हा फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवल्या आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी भुकेलेली घरी आले, तर आत्यानं गरम भाकरी आणि उसळ वाढली. आई नाही म्हणून आत्या स्वयंपाकाला आली होती. उसळ अशी काही झाली होती की वडिलांनी वाटी बोटानं पुसून चाटली.

"आत्या, वाल कुठून आणलास गं?"

"आता! तूच तर मोड आणून ठेवलेस. मी दादाला म्हणलं, पोरगी कॉलेजात जाती, पण घरच्या कामाला हात लावती हां! सोलायला मात्र लय वेळ गेला."

घास माझ्या घशातच थांबला. (पण गेला. आता कुठे जाणार?)

दुसऱ्या दिवशी काही उपाय निघेल या आशेनं मी सरांना वही दाखवली. सर खूश झाले. "सत्त्याण्णव टक्के! उत्तम. आता बाकीचं बी बिनधास्त पेरा."

बाकीचं बी!

आई त्याच संध्याकाळी येणार होती. मी तशीच रविवार कारंजाजवळच्या एका बियाण्याच्या दुकानात शिरले.

"काका, वाल द्या."

"कोणता?"

मला वाटत होतं, वाल एवढं म्हटलं की झालं.

"वेलाचा का बुटका? शेंग हिरवी का जांभळी? लांब का आखूड?"

"आईचा."

"कोणाचा?"

"म्हणजे... आमच्या आईच्या वालासारखा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, ती जात अजून आपल्याकडं नाही आली. कंपनीचा माणूस आला की विचारून ठेवतो."

शेवटी मी पाकिटांवरची चित्रं बघून निवड केली. चित्रातल्या शेंगा इतक्या सरळ आणि तुकतुकीत होत्या, की आमच्या वेलानं त्या बघून मान खाली घातली असती. चार पाकिटं घेतली. घरी येऊन फोडली तर बी गुलाबी! कीड लागू नये म्हणून औषध लावलेलं. मी ते धुतलं, गोणपाटावर घासलं. बी होतं तसंच राहिलं, माझे हात मात्र रंगपंचमी खेळल्यासारखे झाले. मग त्यावर भरपूर राख ओतली. राखही गुलाबी झाली.

आई आली. हातपाय धुतले आणि आषाढ उतरणीला लागला म्हणून पहिल्यांदा डबाच उघडला. चिमूटभर गुलाबी राख बोटांवर घेतली.

"काय गं, हा वाल कशानं लाजला?"

मी सगळं सांगून टाकलं. भिजवलेलं, मोजलेलं, खाल्लेलं. दोनदा वाढून घेतलेलंसुद्धा. मला वाटलं होतं, आई ओरडेल. ती डबा मांडीवर घेऊन खाली बसली.

"माझ्या आईच्या हातचं तेवढंच राह्यलं होतं गं माझ्यापाशी."

सायखेड्याला मागावं, तर तिथे मामांनी परसापर्यंत द्राक्षं नेली होती. वालाला कुंपणच उरलं नव्हतं. मी रडायला लागले. थोड्या वेळानं आईनं हळूच विचारलं, "उगावला किती?"

"चारशे तीन," मी हुंदके देत म्हणाले. "चारशे सतरातला."

"म्हंजे चौदाच गेले?"

"चौदाच."

आईनं डोळे पुसले. "मग! आईचं बी हाय माझ्या, काय थट्टा हाय का?" आणि जरा थांबून, "आन उसळ कशी झाल्ती?"

"लय भारी!" बाहेरून खाटेवरून वडील म्हणाले. त्यांना त्या रात्री जेवण जरा उशिरा मिळालं.

आता एकच वाट होती. आळीत वाटलेलं बी कोणाकडे उरलं असेल तर ते आणायचं. पण दिलेलं बी परत मागायचं नसतं, म्हणून आई येणार नव्हती. मागायचं मी, आणि का मागते तेही मीच सांगायचं.

पहिल्या घरी शेवंताकाकू म्हणाल्या, "आम्ही बी आता पाकिटाचंच लावतो. पण बस ना, च्या घे, पयल्यापासून सांग." त्यांनी सगळं ऐकलं, मग सुनेला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत गोष्ट माझ्यापुढे गेली होती. "ये ये, उसळवाली!" म्हणूनच स्वागत झालं. बी मात्र कुठेच नाही. शेवटच्या घरी पारूमावशी होत्या, म्हाताऱ्या आणि जरा खणखणीत बोलणाऱ्या. त्यांनी फळीवरचं एक मळकं गाठोडं सोडलं आणि माझ्या तळहातावर एकेक बी मोजून ठेवलं. एकवीस.

"तुझ्या आईचंच हाय. नीट ने. आन वाटंत पाणी दिसलं तर लांबून जा."

आईनं एकवीसच्या एकवीस बिया स्वतः लावल्या. मला कुंपणाजवळ उभं राहायची परवानगी होती, हात मागे बांधून. एकोणीस उगवल्या. टक्केवारी काढायची मला हिंमत झाली नाही.

वेल चांगले फोफावले. त्या वर्षी आम्ही एकही शेंग खाल्ली नाही. सगळ्याच शेंगांना चिंध्या. उन्हाळ्याच्या तोंडावर आईनं बी राखेत घोळून डब्यात भरलं आणि मला हाक मारली.

"कागद घे. तुझं अक्षर चांगलं हाय. मोठ्यानं लिही."

"काय लिहू?"

"शिकल्या-सवरल्या माणसानं या डब्याला हात लावू नये."

मी लिहिलं. शुद्धलेखन दोनदा तपासलं, खाली सरळ रेघ मारली आणि खळ लावून कागद डब्यावर नीट चिकटवला. मग दोन पावलं मागे सरून वाचलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की आमच्या अख्ख्या घरात तसं माणूस एकच आहे, आणि त्याच्या बोटांना अजून खळ लागलेली आहे!