आत्याच्या नावाचे अनारसे

दिवाळीचा फराळ आठवड्यात संपतो. किस्से संपत नाहीत. डब्याच्या तळाशी चिवड्यातलं मीठ साचतं तसे ते साचत जातात, आणि पुढच्या वर्षी त्यावर नवा चिवडा पडतो.

माझ्याकडे जरा जास्तच साचलेत, कारण सेकंड इयरला मी कॉलेज सोडलं. तेव्हापासून आमच्या खानदानात मी एकटीच ‘मोकळी’. कॉलेज सोडलेल्या मुलीला दिवाळीत जेवढी डिमांड असते तेवढी इंजिनियरला वर्षभर नसते! चकल्या पाडायला मी, डबे पोचवायला मी, आणि मोठ्यांची बडबड ऐकायलाही मीच.

आधी आमच्याकडची पद्धत सांगते. आजी गेली तेव्हा फराळाचा मान थोरल्या लेकीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे, गेला. मान गेला, कढई गेली नाही. ती बदलापूरला आमच्या घरात राहिली, आईच्या पुढ्यात. आई सगळं करते, पप्पा आणि मी ते अंबरनाथला आत्याकडे नेतो, आणि तिथून आत्याच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना डबे जातात. मग फोन येतात. आत्या स्पीकर ऑन करून सांगते, “अगं, कसलं काय! हाताला सवय झालीय आता.”

आई समोरच बसून झाकणं पुसत असते.

*

बाळाकाका आनंदनगर एमआयडीसीत ऑफिसर. घरातसुद्धा ऑफिसरच. एका वर्षी त्यांनी जाहीर केलं की चिवडा मऊ पडतो, कारण आमच्याकडे ‘मॉइश्चर कंट्रोल’ नाही. म्हणून कंपनीतून त्या पांढऱ्या पुड्या आणल्या, औषधाच्या बाटलीत असतात तसल्या, आणि प्रत्येक डब्यात एकेक टाकली.

दुसऱ्या दिवशी आत्याचे मिस्टर, म्हणजे आमचे मामंजी, चिवडा खायला बसले. रोज इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. पुडीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, खाऊ नका. मामंजींनी पुडी फाडली, आतले पांढरे दाणे चिवड्यावर भुरभुरले, चमचाभर खाल्लं, बराच वेळ चावलं.

मग आईला म्हणाले, “साबुदाणा कच्चा राहिलाय.”

*

गेल्या वर्षी आत्याच्या डोक्यात आलं, डब्यांवर स्टिकर पाहिजेत. ‘सौ. सुलोचनाताईंच्या हातचा फराळ’. छापायला अर्थात मोकळी मुलगी. विठ्ठलवाडीला उतरून शेअर रिक्षाने उल्हासनगरचा कॅम्प तीन गाठला. दुकानदार सिंधी काका. प्रिंट निघेपर्यंत मी त्यांच्यापुढे चकल्यांची पिशवी ठेवली.

“वाह बेटा, एकदम करारी! किसने बनाया?”

“मम्मीने.”

त्यांनी स्टिकर बघितलं. “सुलोचनाजी मम्मी का नाम है?”

“नहीं, बुआ का.”

“तो सामान बुआ का होगा.”

“सामान पप्पा का.”

काकांनी चकली खाली ठेवली. “फिर बुआ ने किया क्या?”

“स्टिकर!”

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. वाटलं, हसेल. ती करंज्यांना मुरड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “सगळ्यांवर नको गं. एखाद्या डब्यावर माझं नाव चाललं असतं.”

एवढंच. पुन्हा कधी बोलली नाही.

*

मीच पप्पांकडे विषय काढला. पप्पा म्हणाले, “ताईचा मान आहे तो.”

“मग तळणपण मानातच येतं ना? पाठवू कढई?”

“तू आधी कॉलेज पूर्ण कर.”

आमच्या घरात डिग्री नसलेल्या माणसाला चकलीवरही बोलता येत नाही!

*

आत्याला फॅमिली ग्रुपवर एका नव्या सुनेने अनारशांची रेसिपी विचारली. आत्याने लगेच टाकली. तांदूळ रात्री भिजवा, सकाळी वाटा, गूळ घाला, तळा. खाली सात नमस्कार.

तांदूळ तीन दिवस भिजतात. रोज पाणी बदलावं लागतं. नंतर पीठ मुरवावं लागतं. हे मला माहीत, कारण पाणी मीच बदलते. त्या सुनेला माहीत नव्हतं. तिने कढईचा फोटो टाकला. तुपात चिखल झाला होता.

आत्याने उत्तर दिलं, “तूप बाहेरचं वापरलंस का?”

*

या वर्षीची भाऊबीज. आत्याच्या मुलाचं, दादाचं, लग्न ठरतंय, म्हणून मुलीकडचेही आलेले. मुलीच्या आईने अनारसा चाखला आणि आत्याचा हातच धरला. “आमच्या हिला शिकवा हो. तुमच्या अनारशांचं एवढं ऐकलंय, आज डोळ्यांनी बघू दे.”

आईने आणलेलं जास्तीचं पीठ आत्याच्या फ्रिजमध्येच होतं. सुटका नव्हती. सगळी वरात किचनमध्ये. बाळाकाका व्हिडिओ काढायला पुढे.

आत्याने गॅस मोठा केला. अनारसा थापला, खसखशीची बाजू खाली करून तुपात सोडला आणि झाऱ्याने उलटला. तो कढईभर पसरला. दुसराही पसरला. तिसऱ्याला आत्या म्हणाली, “या वर्षी तांदूळच बरा नाही.”

मुलीच्या आईने हातातल्या अर्ध्या अनारशाकडे बघितलं. काकांनी मोबाइल खिशात घातला. पप्पा खिडकीतून बाहेर बघायला लागले. तोंड उघडायला मी तयारच होते. दादाने माझा दंड धरला.

आत्याने हाक मारली, “मंगल, जरा बघतेस का?”

आई हॉलमध्येच बसली होती. उठली. गॅस बारीक केला, तूप गाळून घेतलं, पिठाची एक गोळी थापली. खसखस वर ठेवून अलगद सोडली, झाऱ्याने वरून तूप उडवत राहिली. उलटली नाही. जाळी पडली, रंग आला. तिने एकच तळला, निथळला आणि बशीत ठेवून आत्यापुढे धरला. सगळ्यांसमोर.

“ताई, गरम खाऊन बघा. एवढ्या वर्षांत तुम्हाला गरम कधी मिळालाच नाही.”