सुहासचा सराव

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. अनोळखी नंबर, म्हणून पहिल्यांदा कट केला. दुसऱ्यांदा घेतला तर पलीकडचा माणूस फार जपून बोलत होता... माझा भाऊ सुहास महाबळेश्वरच्या ज्या हॉटेलात नोकरीला होता, तिथले मॅनेजर. घाटात धुकं होतं, दुचाकी घसरली, साताऱ्याला आणलंय, तुम्ही या, एवढंच म्हणाले. कसा आहे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी आणि माझा नवरा गाडीने सांगलीहून साताऱ्याला निघालो. पोचलो तेव्हा आबा, म्हणजे आमचे वडील, गावाहून आधीच येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्या दिवशीही पाठ ताठच होती. मला बघून म्हणाले, "गेला गं."

आता थोडे दिवस लोटलेत, म्हणून लिहायला बसले आहे. सुहास माझ्याहून बराच लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याची शाळा, आजारपणं, दंगा सगळं माझ्याच पदरात पडलं. पोरगा लाघवी, पण कुठलीच गोष्ट तडीस न्यायचा नाही. तबल्याचा क्लास लावला, बोटं दुखतात म्हणून सोडला. आयटीआय अर्धवट. मग कोंबड्या पाळायच्या म्हणून शेड उभारली, तिच्यात शेवटी आबांनी उसाचं पाचट भरलं. तो बंगळूरला कॉल सेंटरात लागला तेव्हा दिवाळीपर्यंत परत येणार, असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. तो आला नाही. तिथे पांढरे शर्ट आणि टाय घातलेली दोन मुलं त्याला भेटली, तो त्यांच्या सभेला जायला लागला, आणि वर्षभरात आमच्या उसाच्या आणि फौजेच्या घरातला मुलगा ख्रिस्ती झाला... त्यातही मॉर्मन, अमेरिकेत निघालेल्या एका पंथाचा. हा शब्द गावात कुणी ऐकलासुद्धा नव्हता.

सांगायला तो स्वतः गावी आला, हे त्याचं मला कौतुक वाटतं. फोनवर उरकता आलं असतं. आबा गोठ्यापुढे बसले होते. ऐकून हातातली वैरण गाईपुढे टाकली. मग म्हणाले, "देव बदललास. बाप न्हाई ना बदललास?"

"न्हाई आबा."

"मग जेवाय बस."

एवढ्यावर मिटलं असं आम्हाला वाटलं. मिटलं कुठलं? पुढे कित्येक महिने आबा त्याच्याशी ऊसपाण्यापलीकडे बोलत नव्हते. तशात त्याने दुसरा बॉम्ब टाकला. त्यांच्यातली तरणी मुलं दोन वर्षं घरदार सोडून धर्मप्रचाराला जातात, तसं त्यालाही जायचं होतं. त्याआधी काही आठवडे प्रशिक्षण, तेही घरी बसून ऑनलाइन. गावात रेंजची बोंब, म्हणून तो आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला आला. मागची खोली त्याला दिली, जिच्यात मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि जादाचा सिलिंडर ठेवत असे.

पहाटे उठायचं, अंघोळ, अभ्यास, प्रार्थना, मग दिवसभर स्क्रीनसमोर. सिनेमा नाही, गाणी नाही, क्रिकेट नाही. हॉलमध्ये माझा नवरा मॅच बघत ओरडायचा आणि दाराआड हा बहाद्दर चित्त एकाग्र करायचा. एकदा चहा विचारायला म्हणून मी दार ढकललं, तर वर कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि खाली हाफ चड्डी. मला इतकं हसू आलं की स्क्रीनपलीकडच्या मुलांनाही ऐकू गेलं. शिवाय चहा विचारून उपयोग नव्हता. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही.

नेमके तेव्हाच आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सांगलीत आले आणि आमच्याकडेच राहिले. काळा चष्मा लावून त्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायचे. टीव्ही बघायची बंदी, पेपर वाचायची बंदी, मग करणार काय? सुहासला शिकवण्याचा सराव लागायचा. समोर कुटुंब बसलंय असं धरून धडा द्यायचा, त्यांच्या शंका ऐकायच्या, आणि शेवटी डोळे मिटून आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. मी, माझा नवरा आणि आबा, असं आयतंच कुटुंब त्याला मिळालं. आबांचा धर्माशी संबंध नव्हता, पण चुका मात्र एकही सोडायचे नाहीत. "आवाज खाली पडतोय. मागली रांग झोपंल." नाहीतर, "हात खिशात कशाला? काय चोरलंय का?" सुहास हसायचा, पण हात काढायचा. बापलेकांना इतकं बोलताना मी आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

फक्त प्रार्थनेची वेळ आली की आबा उठायचे. पाणी प्यायचंय, डोळ्यात थेंब घालायचेत, काहीतरी निघायचंच. सुहासने एकदा भांडी विसळताना मला सांगितलं, "ताई, आबांनी माझ्या धर्मात यावं असं न्हाई गं. नुसतं एकदा शेवटपर्यंत बसावं. मी त्यांच्यासाठी काय मागतो ते त्यांनी ऐकावं, बास." मी म्हटलं, मग सांग की तसं. तो म्हणाला, "सांगून बसवलं तर ते बसणं न्हवं." ताट पालथं घालत म्हणाला, "त्यांना आवडत नसंल. राहू दे." वाट बघायचं त्याने ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं गाडं अडलं. टाय सोडून भिंतीला टेकून बसला होता. "बाकीच्यांना प्रार्थना करताना काय काय जाणवतं, ताई. छातीत ऊब येते म्हणतात, रडू येतं. मला काहीच होत न्हाई. मी खोटा हाय." मला वाटलं, झालं, तबल्याचा क्लास. बाहेरून आबा बोलले, "मी भरती झालो तवा पयले सहा महिने मला कुठं देशप्रेम वाटलं? पाय दुखायचे नुसते. घरी जावंसं वाटायचं."

"मग का थांबला?" सुहासने विचारलं.

"सकाळ झाली की उठायचो. दुसरं काय केलं न्हाई मी." आणि मग खेकसून म्हणाले, "टाय बांध."

त्याने बांधला. त्याच्या श्रद्धेत जे काही पक्कं झालं ते त्या दुपारी झालं असं तो पुढे कुणालाही सांगायचा, आणि ते एका हिंदू सुभेदारामुळे झालं म्हणून वर मिटक्या मारायचा.

निघण्याआधी पाहुण्यांना भेटून यायचं ठरलं. जत तालुक्यात आमची आत्या असते. तिच्या वस्तीवर टँकर दोन दिवसांआड येतो, तरी तिने शेळीच्या दुधाचा चहा पुढे केला. सुहास म्हणाला, "आत्या, मी चहा घेत न्हाई." आत्याचा चेहरा उतरला. "आता आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुला?" तो समजावायला लागला, पण ज्या घरात पाणीसुद्धा मोजून वापरतात तिथे चहा नाकारणं काय असतं, हे समजावून थोडंच जातं? आबांनी आपला कप संपवला आणि हात पुढे केला. "आण हिकडं. त्याचा मी पितो. घरातलाच हाय कप." पुढे प्रत्येक घरी हेच. आबा दोघांचा चहा प्यायचे आणि सुहास गूळपाणी मागून घ्यायचा. परत येताना आबांचं पित्त खवळलं. "धर्म तुझा आणि जळजळ माझी," म्हणत सांगलीपर्यंत शिव्या देत होते. सुहास मागच्या सीटवर त्यांची पाठ चोळत होता. त्याला इतकं सुखात मी क्वचितच पाहिलंय.

दोन वर्षं तो आंध्रात होता. घर सोडून, फोन आठवड्यातून एकदा. गावात रेंज नाही, म्हणून त्या दिवशी आबा आमच्याकडे यायचे. आबा विचारायचे, जेवलास का, पायाला फोड आलेत का. शेवटी तो म्हणायचा, "आबा, ठेवायच्या आधी प्रार्थना करू?" आणि आबा लगेच फोन माझ्या हातात द्यायचे. मग मी ऐकायचे. आबांच्या डोळ्यांसाठी, गुडघ्यांसाठी, उसाच्या पाण्यासाठी तो मागायचा. मी ऐकत होते आणि ज्याच्यासाठी होतं तो माणूस गॅलरीत उभा. दोन्ही वर्षं पुरी करून तो परतला. आयुष्यात त्याने तडीला नेलेली ती पहिली गोष्ट. महाबळेश्वरला नोकरी लागली. अपघाताच्या महिनाभर आधी आला होता तेव्हा म्हणाला, "पुढल्या खेपेला आबांना सरळच विचारतो गं. किती वाट बघायची?"

त्याचं क्रियाकर्म सगळं गावच्या रीतीनं झालं. त्याच्या पंथाचं जवळपास कुणीच नव्हतं आणि त्या वेळी कुणाला काही सुचलंही नाही. ते मला अजून टोचतं. दिवसकार्य झाल्यावर आबांना मी सांगलीला घेऊन आले.

तीन आठवड्यांनी डॅनियल आला. आंध्रात सुहासच्या जोडीला असलेला मुलगा, थेट सांगलीला, पांढरा शर्ट घालून. त्याला सुहासची खोली बघायची होती. आम्ही सगळे तिथेच बसलो. थोड्या वेळाने त्याने हिंदीत विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का. मी आबांकडे पाहिलं. ते उठले नाहीत. डॅनियलने हाताची घडी घातली, मान खाली घातली, सुहाससाठी आभार मानले, आबांना बळ मागितलं, आणि आमेन म्हटलं. पुरतं एक मिनिटही झालं नसेल.

आबा म्हणाले, "झाली?"

"जी, अंकल."

"नाव लिहायचं, हात वर करायचा, काय न्हाई?"

मी हिंदीत सांगितलं. डॅनियल गोंधळला. "नहीं अंकल, कुछ नहीं."

आबा माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "आमच्यात कसम परेड असती. ट्रेनिंग संपलं की जो शेवटपातूर हुभा राह्यला, तो त्या पलटणीचा झाला. परत माघार न्हाई. मला वाटलं ह्यांच्यातबी तसंच. आमेनपातूर बसलो की आपली बी भरती. तुमचं येगळं, मी एकदा कसम खाल्लेला माणूस." डॅनियलकडे बोट करून म्हणाले, "एवढीशीच असती व्हय... बसलो असतो की मी. रोज बसलो असतो."

आबा अजून आमच्याकडेच आहेत. सकाळी उठून अंघोळ करून त्या मागच्या खोलीत जातात, हाताची घडी घालून मान खाली घालून बसतात. परवा मी विचारलं, आबा, काय म्हणता हो?

"मला कुठं काय येतंय," ते म्हणाले. "बसतो नुसता. संपंपातूर."