भीतीचा रकाना

ओब्दुलिया कानुल ज्याचं नाव वहीत लिहिते, त्याच्या रक्तात तीन वर्षांत साखर शिरते, असं चुनपिच गावात सगळे कुजबुजतात. "सुई टोचताना आत काहीतरी सोडते ती," चोनाआजी एक डोळा बारीक करून सांगते. "माझ्या तिन्ही सुनांना टोचलं. तिन्ही गोड झाल्या."

हे खोटं आहे. डॉक्टरीणबाई आत काही सोडत नाहीत, थेंबभर बाहेर काढतात. खरं आहे ते याहून वाईट. कुणाला साखर होणार, हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळतं.

बाई याच गावच्या. मेरिदा शहराच्या विद्यापीठात लठ्ठपणा आणि मधुमेहावर संशोधन करतात, आणि चौदा वर्षं दर शनिवारी सकाळी मक्याच्या गिरणीपुढे टेप घेऊन उभ्या राहतात, कारण अनशापोटी गाव तिथेच सापडतं. वजन, कंबर, बोटाचं रक्त. तीनशे बारा माणसं. वहीतला शेवटचा रकाना मात्र गावानेच लिहायला लावलेला: 'कशाने घाबरलात?' साखर भीतीनेच होते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. कुणाचा नवरा विहिरीत पडला, कुणाचं छप्पर वादळात उडालं. विद्यापीठातले लोक त्या रकान्याला हसतात. बाईंनी तारखा जुळवून पाहिल्या, तर साखर भीतीच्या दोन-दोन वर्षं आधीच चढायला लागलेली.

मग ज्याची साखर चढत होती, त्याला त्यांनी घरी जाऊन तसं सांगितलं. आता, भीती बसली की आमच्याकडे आधी पाव खायला घालतात, वर गार कोला पाजतात. त्यामुळे ज्याला ज्याला बाईंनी सांगितलं, त्याच्यापुढे घरच्यांनी लगेच पाव आणि कोला ठेवला. "बातमीनेच दचकला बिचारा. खा रे, खा." पुढच्या शनिवारी आकडा आणखी वर. बाईंनी तोही लिहिला.

ऑगस्टातल्या एका शनिवारी मी रांगेत फिदेंसिओमामाची नक्कल करत होते. आदल्या दिवशी त्याची डावी चप्पल रस्त्यात निसटली आणि हा पठ्ठ्या तसाच घरापर्यंत चालत आला होता. पाय उंच उचलायचा, धप्पकन टाकायचा, मान ताठ, जणू गावचा महापौरच. रांग पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत.

"परत कर," त्या म्हणाल्या. "पाय असाच आपटतो?"

"अगदी असाच."

"आणि चप्पल गेल्याचं कळलं कधी त्याला?"

"आईने विचारलं तेव्हा."

त्यांनी वही मिटली. मामा पाच वर्षं त्यांच्या टेपला चुकवत होता. आजोबांचा पाय मेरिदाच्या इस्पितळात तुकड्या-तुकड्यांनी गेला होता, आधी अंगठा, मग घोटा, मग गुडघा. तेव्हापासून त्या दारात पाय ठेवणार नाही, असं मामाने ठरवलेलं.

"त्याचा डावा पाय बधिर झालाय," बाई म्हणाल्या. "आता दाखवला तर वाचेल."

"काहीतरीच. परवा जत्रेत नाचला तो."

"लाव पैज."

त्याला स्पर्श कळला, तर बाई आमच्या अंगणात कधी फिरकणार नाहीत. नाही कळला, तर सोमवारी मी त्याला मेरिदाला घेऊन जायचं, तो काहीही म्हणो. स्पर्श तपासायला त्यांनी मला नायलॉनचा बोटभर ताठ दोरा दिला.

दुपारी मामा झुल्यात पडला होता.

"डोळे मीट, मामा. पायाला दोरा लागला की 'हो' म्हणायचं."

"ही आता कुणाची नक्कल?"

"मीट ना."

त्याने मिटले. मी अंगठ्याला दोरा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. मग तळव्याला. मग टाचेला. दहा ठिकाणी दाबला. करंगळीच्या खाली एक काळी पडलेली चीर होती, आणि चिरेवर मुंगी फिरत होती. तिथेही दाबला.

मामा हसू दाबून वाट बघत होता.

"कर की सुरू," तो म्हणाला. "झोप येतेय मला."